साइटवरच्या फाइली क्लाउडवर नेताना: मध्यम बांधकाम संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बांधकामाच्या साइटवर फाइल हरवल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी जास्त नुकसान जुनी फाइल हाताशी राहिल्याने होते. स्ट्रक्चरल कन्सल्टंट बीमच्या सळयांमध्ये बदल करून सुधारित ड्रॉइंग मुख्य कार्यालयाला ई-मेलने पाठवतो. तिथला इंजिनिअर ते साइटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो, त्याच गटात दिवसभर हजेरीचे फोटो, आरएमसीची (तयार काँक्रीटची) चलने आणि सिमेंटच्या मागण्या येत राहतात, आणि सळया बांधणाऱ्या फिटरच्या हातात मात्र आधीच्या रिव्हिजनची (आवृत्तीची), घड्या पडून फाटत आलेली प्रिंटच राहते. चूक लक्षात येते ती काँक्रीट ओतकामाच्या आदल्या दिवशीच्या तपासणीत, किंवा त्याहूनही उशिरा. त्यामुळे सर्व्हरची जागा संपली म्हणून क्लाउडवर जायचे ठरले असले, तरी आखणी एकाच प्रश्नाभोवती व्हावी: आज लागू असलेले ड्रॉइंग, आणि फक्त तेच, साइटवरच्या माणसाला कसे दिसेल?

हे मार्गदर्शन एका विशिष्ट आकाराच्या संस्थेला समोर ठेवून लिहिले आहे. मुख्य कार्यालय पुण्यात, कामे मोशी, वाघोली, तळेगाव अशा तीन-चार ठिकाणी, कार्यालयात एक छोटा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवरची सामाईक साठवण पेटी), साइटवर एक-दोन लॅपटॉप, आणि बाकी सारा व्यवहार पेन ड्राइव्ह, व्यक्तिगत जीमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्रातील अनेक विकासक आणि ठेकेदार याच गटात मोडतात.

पहिला टप्पा: काय आहे आणि कोठे आहे, याची मोजदाद

सर्व्हरवरच्या फोल्डरांची यादी काढणे सोपे असते. खरी अडचण सर्व्हरबाहेरच्या फाइलींची असते. क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या घनांच्या ताकद चाचणीचे) अहवाल साइट इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असतात, मापन पुस्तिकेच्या एक्सेल फाइली बिलिंग इंजिनिअरच्या पेन ड्राइव्हवर असतात, स्टील तपासणीचे फोटो सुपरवायझरच्या फोनमध्ये असतात आणि महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार लायझनिंग (सरकारी कार्यालयांतील पाठपुरावा) पाहणाऱ्या व्यक्तीच्या खासगी ई-मेलमध्ये असतो. प्रत्येक साइटवर प्रत्यक्ष जाऊन, प्रत्येकाशी बोलून, कोणती कागदपत्रे कोण तयार करतो, कोणाला पाठवतो आणि कोठे ठेवतो, याचा साधा तक्ता करावा. काम कंटाळवाणे असले तरी ते टाळल्यास क्लाउडवर फक्त सर्व्हर जातो, साइट आहे तिथेच राहते.

याच वेळी केरही काढून घ्यावा. ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर ऑटोकॅड तयार करत असलेल्या बीएके (मागील प्रतीच्या) फाइली, आपोआप जतन झालेल्या तात्पुरत्या प्रती, ड्रॉइंग उघडे असताना तयार होणाऱ्या कुलुपाच्या डीडब्ल्यूएल फाइली आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' या नावांच्या प्रती वर चढवण्यात अर्थ नाही. मात्र कोणती प्रत खरी, हे ठरवण्याचे काम संगणक पाहणाऱ्याकडे सोपवू नये. ते त्या प्रकल्पाच्या इंजिनिअरनेच करावे.

दुसरा टप्पा: सेवेची निवड

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, झोहो वर्कड्राइव्ह, यांपैकी कोणतीही सेवा या कामाला पुरेशी आहे. कार्यालयात एक्सेल आणि आउटलुक रुजलेले असेल तर मायक्रोसॉफ्टकडे जावे, सगळे जीमेल वापरत असतील तर गूगलकडे, एवढा निकष बहुधा पुरतो. निवडीवर महिनोन्महिने घालवण्यापेक्षा तो वेळ फोल्डरांच्या रचनेवर घालवावा, असे माझे मत आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नये. फाइलींची मालकी संस्थेची असली पाहिजे, व्यक्तीची नव्हे. गूगलमध्ये 'माय ड्राइव्ह'वर ठेवलेली फाइल ती तयार करणाऱ्याच्या खात्याची असते. 'शेअर्ड ड्राइव्ह'वर ठेवलेली फाइल संस्थेची असते आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी जागेवर राहते. मायक्रोसॉफ्टमध्ये हाच भेद वैयक्तिक वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटची साइट यांच्यात आहे. साइट इंजिनिअर वरचेवर नोकऱ्या बदलतात, त्यामुळे एखाद्याच्या खासगी जीमेलच्या १५ जीबी मोफत जागेवर प्रकल्पाची कागदपत्रे ठेवणे म्हणजे ती त्याच्याबरोबर जाऊ देणे आहे.

तिसरा टप्पा: फोल्डरांची रचना

सर्वाधिक विचार येथे करावा. बांधकामातील माहितीच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ १९६५० ही मानके आहेत. त्यांचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सर्व सोपस्कार मध्यम संस्थेला झेपणारे नाहीत, पण त्यांतील एक कल्पना जशीच्या तशी उचलावी. कोणतीही फाइल चारपैकी एका अवस्थेत असते: काम चालू असलेली, इतरांना पाहण्यासाठी दिलेली, अधिकृतपणे जारी झालेली आणि संग्रहात गेलेली. ड्रॉइंगच्या फोल्डरांची वरची पातळी याच चार अवस्थांची ठेवावी.

आपल्याकडे जारी झालेल्या ड्रॉइंगला जीएफसी ('गुड फॉर कन्स्ट्रक्शन', म्हणजे बांधकामास योग्य) म्हणतात. म्हणून 'आवक', 'तपासणीत', 'जीएफसी' आणि 'रद्द' अशी चार फोल्डर करावीत. आर्किटेक्ट आणि कन्सल्टंट यांच्याकडून आलेले सर्व काही प्रथम 'आवक'मध्ये पडते. प्रकल्प अभियंता आर्किटेक्चरल, स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग-इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचा मेळ घालून पाहतो, तोवर ते 'तपासणीत' राहते. मंजूर झाले की त्याची पीडीएफ 'जीएफसी'मध्ये जाते आणि त्याच क्षणी आधीची रिव्हिजन तिथून उचलून 'रद्द'मध्ये टाकली जाते. 'जीएफसी'मध्ये एका ड्रॉइंगची दोन रिव्हिजन एकाच वेळी कधीही दिसता कामा नयेत. साइटला फक्त हेच फोल्डर दिसावे. 'रद्द' तर मुळीच दिसू नये.

जुन्या प्रती आपोआप सांभाळल्या जातील, या भरवशावर राहू नये. गूगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ किंवा डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या मूळ ड्रॉइंगच्या) फाइलीची नवी आवृत्ती त्याच नावावर चढवता येते आणि लिंकही तीच राहते. परंतु जुनी आवृत्ती 'कायम ठेवा' अशी खूण केलेली नसेल, तर ३० दिवसांनंतर किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर ती काढून टाकली जाऊ शकते. दोन वर्षांनी जादा कामाच्या बिलावरून वाद झाला आणि 'आर१' मध्ये भिंत कोठे होती हे दाखवायचे झाले, तर ती प्रत सापडणार नाही. म्हणून प्रत्येक रिव्हिजन ही स्वतंत्र नावाची स्वतंत्र फाइल असावी.

गुणवत्तेच्या कागदांची रचना वेगळी करावी. बहुतेक ठिकाणी 'क्यूब रिपोर्ट', 'चलने', 'फोटो' अशी कागदाच्या प्रकारानुसार फोल्डर असतात आणि एखाद्या स्लॅबबद्दल शंका आली की पाच ठिकाणी शोध घ्यावा लागतो. त्याऐवजी प्रत्येक ओतकामासाठी एक फोल्डर करावे. त्यात पोर कार्ड (ओतकामाच्या परवानगीचा तपासणी तक्ता), स्टील व शटरिंग तपासणीचे फोटो, त्या दिवशीची आरएमसीची सर्व चलने, ७ दिवसांचा आणि २८ दिवसांचा क्यूब टेस्टचा अहवाल, एवढे सारे एकत्र राहील. २८ दिवसांचा अहवाल आला नसेल तर फोल्डर उघडताच ते लक्षात येते. प्रकारानुसार लावलेल्या कागदांत अशी उणीव झाकली जाते.

मंजुरीच्या कागदांचे एक फोल्डर असावे: सातबारा आणि मोजणीचा नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, महारेराची नोंदणी आणि तिमाही माहिती, भोगवटा प्रमाणपत्र. बिले व हिशेब आणि कामगारांची कागदपत्रे या दोहोंना मात्र प्रकल्पाच्या ड्राइव्हवर जागा देऊ नये. त्यांच्यासाठी स्वतंत्र ड्राइव्ह किंवा स्वतंत्र साइट करावी. कारण पुढे येईलच.

चौथा टप्पा: नावे

नाव वाचून फाइल न उघडता चार गोष्टी कळाव्यात: प्रकल्प, इमारत, विषय व क्रमांक आणि रिव्हिजन. प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायचे, पण येथे देवनागरीत दाखवायचे तर 'एमओएस-बी-एसटीआर-०४१२-आर२' म्हणजे मोशी प्रकल्प, बी इमारत, स्ट्रक्चरल, चौथ्या मजल्याचे बारावे ड्रॉइंग, दुसरे रिव्हिजन. क्रमांकाच्या आधी शून्य घालावे, नाहीतर यादीत दहावा मजला दुसऱ्याच्या आधी येतो. तारीख नावात हवीच असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी.

तारा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ आणि दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हे शेअरपॉइंटच्या फाइलनावात चालत नाहीत. तिथे फोल्डरांसह संपूर्ण मार्गाची लांबी ४०० अक्षरांपर्यंतच चालते आणि विंडोजमधील अनेक जुने प्रोग्राम २६० अक्षरांपुढे अडखळतात. सर्व्हरवर वर्षानुवर्षे फोल्डरात फोल्डर करत गेलेल्या संस्थांना ही मर्यादा स्थलांतराच्या रात्री पहिल्यांदा कळते. म्हणून आधीच मार्गांची यादी काढून लांबलचक नावे छाटावीत.

आणखी एक बारकावा आपल्याकडचा. महापालिका, महावितरण किंवा तहसील कार्यालयाला पाठवलेली जुनी मराठी पत्रे अनेकदा श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोड नसलेल्या टंकात असतात. ती कार्यालयातील एका संगणकावर नीट दिसतात, पण क्लाउडवरून फोनवर उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते आणि शोध घेऊनही सापडत नाहीत. ज्या संगणकावर तो टंक आहे, त्याच संगणकावर अशा पत्रांच्या पीडीएफ करून घ्याव्यात आणि फाइलीच्या नावात विषय व आवक-जावक क्रमांक लिहावा.

पाचवा टप्पा: कोणाला काय दिसेल, कोण काय करू शकेल

'जीएफसी' फोल्डरमध्ये फाइल टाकण्याचा आणि काढण्याचा अधिकार एका प्रकल्पात एकाच व्यक्तीला आणि तिच्या रजेच्या काळासाठी एका पर्यायी व्यक्तीला असावा. मालकांनाही हा अधिकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. मालकांनी घाईत फोनवरून परस्पर टाकलेले ड्रॉइंग हाच अनेक ठिकाणी गोंधळाचा उगम असतो. साइट इंजिनिअर आणि सुपरवायझर यांना तिथे फक्त पाहण्याचा अधिकार असावा. ओतकामाच्या फोल्डरमध्ये मात्र त्यांना फाइली टाकता आल्या पाहिजेत, पण काढता येऊ नयेत. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' ही भूमिका नेमकी अशी आहे. फाइली हलवण्याचा आणि काढण्याचा अधिकार 'कंटेंट मॅनेजर'पासून सुरू होतो. कन्सल्टंट, आर्किटेक्ट आणि पोटठेकेदार यांना संपूर्ण ड्राइव्हचे सदस्य न करता फक्त त्यांच्या फोल्डरापुरता प्रवेश द्यावा.

ड्राइव्हच्या पातळीवर दिलेला अधिकार सामान्यतः खालच्या सर्व फोल्डरांना लागू होतो. हिशेब आणि कामगारांची कागदपत्रे वेगळी ठेवायला सांगितले ते यासाठी. कामगार नोंदणीसाठी घेतलेल्या आधारकार्डांच्या प्रती, बँक खात्यांचे तपशील, अंगठ्याचे ठसे असलेली मस्टर ही माहिती साइटवरच्या प्रत्येक फोनवर उघडी पडणे केव्हाही गैरच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे.

'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' ही सोय संस्थेच्या प्रशासकीय नियंत्रणातूनच बंद करावी. प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची करावी. साइटवरचा एक लॅपटॉप चौघांनी एकाच खात्याने वापरण्याची पद्धत सोडावी, कारण मग फाइल कोणी टाकली, या नोंदीला काहीच अर्थ राहत नाही.

सहावा टप्पा: डीडब्ल्यूजी आणि रेव्हिट फाइलींचे काय करावे

पीडीएफ, एक्सेल आणि फोटो क्लाउडवर सुखाने नांदतात. ड्रॉइंगच्या मूळ फाइलींचे तसे नाही. कार्यालयातील सर्व्हरवर एकाने डीडब्ल्यूजी उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. सिंक होणाऱ्या (संगणकावरील आणि क्लाउडवरील प्रती आपोआप सारख्या ठेवणाऱ्या) फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी प्रत असल्याने हे कुलूप भरवशाने चालत नाही. दोघांनी एकाच वेळी काम केले तर दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात. शिवाय ड्रॉइंगला जोडलेले एक्सरेफ (बाहेरच्या जोडफाइली) पूर्ण मार्गाने बांधलेले असतील, तर ड्राइव्हचे अक्षर बदलताच ते तुटतात. स्थलांतराआधी सर्व एक्सरेफ सापेक्ष मार्गाचे करावेत आणि बाहेर पाठवायची ड्रॉइंगे ई-ट्रान्समिट आदेशाने जोडफाइलींसह बांधून पाठवावीत.

रेव्हिट या त्रिमित मॉडेलच्या सॉफ्टवेअरचे सेंट्रल मॉडेल, म्हणजे सर्वांची सामाईक मूळ फाइल, ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नये. त्याने मॉडेल बिघडते. अनेकांनी एकत्र काम करायचे असेल तर ऑटोडेस्कची त्यासाठीचीच सेवा घ्यावी, नाहीतर मॉडेल कार्यालयाच्या सर्व्हरवरच राहू द्यावे. ड्रॉइंग विभाग दोन-तीन जणांचा असेल, तर मूळ फाइली सर्व्हरवर आणि जारी झालेल्या पीडीएफ क्लाउडवर, ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. सगळेच क्लाउडवर नेले पाहिजे असे नाही.

सातवा टप्पा: प्रत्यक्ष स्थलांतर

आधी गणित करावे. ५०० जीबी माहिती २० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवरून चढवायला, वेग अखंड मिळाला तरी, ५५ तासांहून अधिक लागतात. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट-दुप्पट धरावेत. साइटवरच्या मोबाइल डोंगलला ५ एमबीपीएस मिळत असतील, तर तेवढ्याच माहितीला नऊ दिवसांहून अधिक लागतील. म्हणून साइटचे लॅपटॉप आणि हार्ड डिस्क कार्यालयात आणून फायबरच्या जोडणीवरूनच फाइली चढवाव्यात. गूगल एका खात्याला २४ तासांत ७५० जीबीपर्यंतच चढवू देते. या आकाराच्या संस्थेला ती मर्यादा क्वचितच आडवी येते.

फाइली माउसने ओढून टाकण्याऐवजी स्थलांतराचे साधन वापरावे. शेअरपॉइंटसाठी मायक्रोसॉफ्टचे मोफत स्थलांतर साधन आहे. आरक्लोन हे मुक्त साधन बहुतेक सर्व सेवांना चालते. दोन्हींत कोणत्या फाइली गेल्या आणि कोणत्या अडल्या याची नोंद मिळते. काम संपल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, आणि प्रत्येक फोल्डरमधील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

सगळे प्रकल्प एकदम नेऊ नयेत. ज्या साइटवर जोत्यापर्यंतचे काम चालू आहे, ती पहिली निवडावी. तिथे कागद कमी असतात आणि नवी पद्धत पुढे भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत चालवता येते. फिनिशिंगला आलेल्या प्रकल्पाची पद्धत मध्येच बदलण्यात फारसा लाभ नाही. बदल स्लॅब ओतण्याच्या आठवड्यात किंवा आरए बिलाच्या (चालू कामाच्या टप्प्याच्या बिलाच्या) तारखांच्या आसपास करू नये. ठरलेल्या दिवशी सर्व्हरवरचे त्या प्रकल्पाचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते करावे. दोन्हीकडे लिहिण्याची मुभा राहिली की लोक सवयीच्या जागीच लिहितात आणि महिनाभरात दोन अपुरे संग्रह तयार होतात.

आठवा टप्पा: साइटवरचा वापर

पोडियमच्या खालच्या तळघरात किंवा लिफ्टच्या डक्टजवळ नेटवर्क मिळत नाही, हे धरूनच चालावे. फोनवरील अ‍ॅपमध्ये त्या आठवड्यात लागणारी ड्रॉइंगे 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवता येतात. दर सकाळी साइट कार्यालयाच्या वायफायवर ती ताजी करून घेणे हा इंजिनिअरच्या कामाचा भाग मानावा. लॅपटॉपवर सगळे फोल्डर उतरवून न घेता मागणीनुसार फाइल उतरवण्याची सोय चालू ठेवावी, नाहीतर छोट्या डिस्क पहिल्याच दिवशी भरतात.

कागद संपणार नाही, आणि तो संपवण्याचा हट्टही धरू नये. फिटरला आणि सेंटरिंगच्या मिस्त्रीला ए१ किंवा ए३ ची प्रिंटच लागते. प्रिंट मात्र 'जीएफसी'मधूनच काढावी, तिच्यावर जारी केल्याची तारीख व सही असावी, आणि नवी प्रिंट देताना जुनी परत घेऊन फाडावी. साइट कार्यालयाच्या भिंतीवर 'जीएफसी' फोल्डरचा क्यूआर कोड लावला, तर हातातल्या प्रिंटचे रिव्हिजन कोणालाही अर्ध्या मिनिटात पडताळता येते. कोड फोल्डरचा असल्याने ड्रॉइंग बदलले तरी तो बदलावा लागत नाही, आणि प्रवेश खात्याने बांधलेला असल्याने बाहेरच्या माणसाने तो स्कॅन केला तरी त्याला काही दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर बंदी घालून उपयोग होत नाही. ती पहिल्याच पावसात मोडते. नियम एवढाच करावा की गटावर ड्रॉइंगची फाइल न टाकता तिच्या फोल्डरची लिंक टाकायची. फोटोंच्या बाबतीत नियम अधिक कडक हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि फोटो केव्हा व कोठे काढला ही त्यातील माहिती निघून जाते. स्टील तपासणीचा फोटो पुराव्यादाखल लागणार असेल, तर तो फोनमधून थेट ओतकामाच्या फोल्डरमध्येच चढवावा.

नववा टप्पा: जतन आणि पुरावा

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एखाद्या लॅपटॉपवर खंडणीखोर व्हायरस शिरला तर त्याने बिघडवलेल्या फाइली तितक्याच तत्परतेने क्लाउडवर सिंक होतात. काढलेली फाइल गूगलच्या कचरापेटीत ३० दिवस आणि शेअरपॉइंटच्या कचरापेटीत ९३ दिवस राहते. त्यानंतर ती परत मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणून क्लाउडची आणखी एक प्रत वेगळ्या सेवेवर किंवा एरवी संगणकापासून सुटी ठेवलेल्या हार्ड डिस्कवर नियमित काढावी, आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादे फोल्डर परत मिळवून पाहावे.

किती काळ जतन करायचे, हे कायद्यांवरून ठरते. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष निदर्शनास आणला गेला, तर तो विकासकाला स्वखर्चाने दूर करावा लागतो. त्यामुळे ओतकामांची फोल्डर आणि 'रद्द' ड्रॉइंगे शेवटच्या ताब्यानंतर किमान तेवढी वर्षे हाताशी हवीत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलीचे हॅश मूल्य (फाइलीतील मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) नमूद करावे लागते. मूळ फाइल जशीच्या तशी, पुन्हा जतन न करता ठेवलेली असेल तरच हे सरळपणे होते.

ड्रॉइंग उशिरा मिळाले म्हणून काम लांबले, असा दावा ठेकेदार करतो तेव्हा कोणते रिव्हिजन कोणत्या दिवशी कोणाला दिले, हाच कळीचा मुद्दा असतो. क्लाउडवर याची नोंद आपोआप राहते, पण कायमची नाही: गूगल ड्राइव्हच्या नोंदी साधारण सहा महिने आणि मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या योजनांत १८० दिवस उपलब्ध असतात, आणि वाद बहुतेक त्यानंतरच उभे राहतात. म्हणून ड्रॉइंग वितरणाची नोंदवही एका तक्त्यात स्वतंत्रपणे ठेवावी: ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन, 'जीएफसी'त टाकल्याची तारीख, कोणाला कळवले, जुनी प्रिंट परत आली की नाही. दर महिन्याच्या शेवटी त्या तक्त्याची पीडीएफ करून, प्रकल्प अभियंता आणि ठेकेदाराचा प्रतिनिधी यांच्या सह्या घेऊन, ती पत्रव्यवहाराच्या फोल्डरमध्ये ठेवावी.

जुना सर्व्हर लगेच विकू नये किंवा त्याची डिस्क दुसऱ्या कामाला घेऊ नये. शेवटचा प्रकल्प क्लाउडवर गेल्यानंतर एक पूर्ण आर्थिक वर्ष, म्हणजे निदान एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत, तो फक्त वाचण्यापुरता चालू ठेवावा. त्या काळात कोणी कोणत्या फाइलीसाठी त्याच्याकडे परत गेले, याची नोंद ठेवली की स्थलांतरात काय सुटले होते त्याची यादी आपोआप तयार होते. त्या यादीतल्या फाइली चढवून झाल्या की डिस्कची एक प्रत काढून कपाटात ठेवावी आणि मग सर्व्हर बंद करावा.